पाहुण्यांचे मुनीम

आमच्या उदगिरात घरात उंदीर झाले की मुनीममामांना निरोप जातो. मामांची हयात मोंढ्यातल्या आडतीवर आणि पुढं एका दालमिलमध्ये गेली. तुरीची पोती आणि त्या पोत्यांना पडलेली भोकं, दोन्हींचा हिशोब त्यांनीच ठेवला. आता ते घरी बसलेत, म्हणजे दुसऱ्यांच्या घरी. मोडलेलं हाड बसवणारा, विंचू उतरवणारा, तसा उंदीर काढणारा एक माणूस प्रत्येक पेठेत असतो, आणि त्याला कुणी कधी निवृत्त होऊ देत नाही.

मामा उंबऱ्यात आले की आधी ओठांवर बोट. 'उंदीर' हा शब्द त्या घरात उच्चारायचा नाही. त्यांना ऐकू येतं, राग येतो आणि सकाळी नेमकं ठेवणीतलं लुगडं कुरतडलेलं सापडतं, अशी मामांची खातरी. म्हणून सगळं आडून. "किती पाव्हणे हायत? कवाधरनं मुक्कामी हायत?" पहिल्या खेपेला हे ऐकून आमच्या हिनं चहाचं आधण वाढवलं होतं.

मग पाहणी. मोंढ्यात तुरीचा नमुना तळहातावर घेऊन बघावा, तशी मामा लेंडी बघतात. तांदळाच्या दाण्याएवढी असेल तर 'पोरसवदा', मोठी असेल तर 'घरचा कारभारी'. भिंतीच्या कडेनं उमटलेला काळपट, तेलकट पट्टा दाखवून ते म्हणतात, "ह्यो हमरस्ता." पाहुणा कधी खोलीच्या मधून चालत नाही, भिंतीला अंग घासत जातो. पिंजरा मधोमध मांडणाऱ्याशी मामा दोन दिवस बोलत नाहीत. आमच्याशी चार दिवस बोलले नव्हते, कारण आम्ही त्यात कालचं भजं ठेवलं होतं. "शिळं? तुमी खाताव का?"

औषधाच्या बाबतीत त्यांची शिस्त कडक. झिंक फॉस्फाइड, ती लसणासारख्या वासाची काळी पूड, पहिल्या दिवशी लावायचीच नाही. नवी वस्तू दिसली की उंदीर आधी बिचकतो, नुसतं चाखून बघतो, आणि चाखून पोटात दुखलं पण जीव वाचला, तर पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून दोन-तीन दिवस नुसतं भरडलेलं धान्य, वर तेलाचा हात. "सोयरीक बघायला आलेला माणूस चहाच्या आधीच हुंड्याचं काढतो का?" दुसरी ती ब्रोमॅडिओलोनची वडी. ती खाल्ल्यावर रक्त गोठायचं थांबतं आणि काम चार-आठ दिवसांनी होतं, तोवर बाकीच्यांना संशय येत नाही. "झिंक रोखीचं, ही उधारीची," मामा सांगतात, आणि दोन्ही लेकरांच्या हाती लागू नयेत म्हणून डबा स्वतःच उंच फळीवर ठेवतात.

पण मारणं हे त्यांच्या लेखी निम्मंच काम. तीन आठवड्यांत नवं वेत येतं, मग किती मारणार? खरं काम बीळ बुजवण्याचं, सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालून. इथं इतिहास निघतो. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथंच, उदगिरात नमवलं. वर्ष भरायच्या आत पानिपत झालं. इतिहासकार कारणं शोधत बसले, मामांचं निदान एका ओळीचं: "जिंकले, पण बीळ बुजवलं न्हाई."

त्यांना खरा ऊत येतो तो मंत्रालयाच्या विषयावर. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत सांगितलं, की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा हिशोब दाखवलाय. मामांनी त्याच दिवशी पेपरच्या कोऱ्या कडेला भागाकार मांडला: दिवसाला ४५,६२८, मिनिटाला एकतीस. ते कात्रण अजून त्यांच्या खिशात आहे, घडीवर फाटलंय. पुढं खुलासा आला, की आकडा उंदरांचा नव्हे, गोळ्यांचा होता. यावर तर मामा जास्तच खवळले. "आमी पोती मोजून दाणे लिवले असते, तर शेटनं त्याच सांजंला माजा हिशोब केला असता!"

एकाच गोष्टीवर ते थट्टा करत नाहीत. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला. आदल्या सप्टेंबरातल्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोक भीतीनं घराबाहेर राहिले, धान्य आत राहिलं आणि घरं उंदरांची झाली, असं तेव्हा सांगत. त्या दिवसांत गल्लीत एक उंदीर मेलेला दिसला तरी माणसं लांबून वळसा घालून जायची. हे सांगताना मामा पाहुणा म्हणत नाहीत, सरळ उंदीर म्हणतात.

एवढं ज्ञान ऐकल्यावर त्यांच्या हातून शेकडो जीव गेले असतील, असंच कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. परवा पहाटे पिंजऱ्यात एक सापडला. मारायचा धीर होईना, म्हणून पिंजऱ्यावर गोणपाट टाकून, स्कूटी सुरू न करता, पायीच निघालो. सोडायचा तर लांब, दुसऱ्या कुणाच्या गल्लीत सोडावा असा साधा विचार. मामांच्या गल्लीला उघडी नाली आहे, सोय चांगली.

आमच्याच कोपऱ्यावर समोरून मामा आले. अंगावर शाल, आणि शालीखाली चौकोनी काहीतरी. शालीच्या आत खुडबुडलं. माझ्या गोणपाटातूनही उत्तर गेलं. आम्ही दोघं खांबाखाली उभे राहिलो. मामांनी आधी माझ्या गोणपाटाकडं पाहिलं, मग मी कुठल्या दिशेला निघालोय ते पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"पाव्हण्याला वाटंला लावायलाव?"

"हो. तुम्ही?"

"मीबी." त्यांनी शाल जराशी वर केली. पिंजऱ्यात एक आख्खं ताजं भजं होतं. "उपाशी कसं घालवावं," असं म्हणून ते आमच्या गल्लीत शिरले.