डिफॉल्ट चालत नाही

दिवाळीला भाचा पुण्याहून रोहिणखेडला येतो तो लॅपटॉप उघडाच घेऊन. पाण्याचा ताण पडला की हरभऱ्याच्या मुळातली कोणती जनुकं किती कामाला लागतात, यावर त्याची पीएचडी. विषय मला पटला. मोताळा तालुक्यात पाण्याचा ताण समजावून सांगावा लागत नाही. पण तीन वर्षांत त्यानं हरभरा एकदाही दाखवला नाही. दाखवतो ती व्हायोलिनं.

आकडे जिथं दाटीनं आले तिथं फुगायचं, विरळ झाले तिथं बारीक व्हायचं, असा हा व्हायोलिन आलेख. हिंट्झे आणि नेल्सन या दोघांनी १९९८ साली तो मांडला. मला त्यात भरताची वांगी दिसतात.

"मामा, हे डिफॉल्ट रंग आहेत," तो म्हणतो. लग्नात कुणी फाटकी बंडी घालून आल्यासारखा त्याचा सूर. मग गुलाबी जाऊन विरिडिस नावाचा रंगपट येतो, कारण तो रंगांध माणसालाही कळतो. कडेची रेघ ०.५ ची ०.३ होते. चिवडा सादळतो.

एकदा त्यानं ट्रिम बंद केलं, तर वांग्याला शून्याच्या खाली शेपटी फुटली. "उणं जनुक कसं असतं रे?"

"नसतं मामा. ते स्मूदिंग आहे." शेपटी कापली. मग बँडविड्थ कमी केली, तर कुबडं आली. वाढवली, तर सगळे गुळगुळीत नवरदेव. यातलं खरं कोणतं, ते विचारायचं धाडस मी केलं नाही. एका वांग्यामागं रोपं किती, एवढंच विचारलं.

"तीन," तो हळूच म्हणाला, आणि काढून टाकलेले, रोपागणिक एक असे ठिपके मुकाट्यानं परत आणले. एका वांग्यात तीन बिया.

आमची आई चष्मा पुसत मागं उभी होती. "बाप्पा, दोन्हीकडं तेच तं हाय. मंग अर्धंच काहून नाही काढत?"

भाचा दचकला. आजीकडं त्यानं असं पाहिलं, जसं गाईडकडं कधी पाहिलं नसेल. त्या रात्री अडीचपर्यंत ओसरीतला दिवा जळत होता. सकाळी एकेक वांगं मधोमध चिरलेलं: डावी फाक पाण्याची, उजवी ताणाची. सगळ्या ठिपक्यांसकट.

मी चहा घेऊन गेलो. तो स्क्रीनला नाक लावून बसला होता.

"मामा, मधली रेघ करडी ठेवू का पांढरी?"