गळाआधी गमबूट

दाजींनी धरलेला मासा मी अजून पाहिलेला नाही. पण मासे धरायला निघालेले दाजी ज्यानं पाहिले नाहीत, असा माणूस मांजरसुंब्याच्या चौकात मिळायचा नाही. सोलापूरकडून आलेली, बीडकडं घाट उतरायला निघालेली, नगरकडं वळणारी सगळी वाहनं या चौकात घटकाभर टेकतात. कुणी चहा घेतं, कुणी रबडी बांधून घेतं, आणि पावसाळ्याच्या दिवसांत कुणाकुणाला आमचे दाजीही बघायला मिळतात. डोक्यावर कानटोपी, तिच्यावर रेनकोटची टोपी, गुडघ्यापर्यंत गमबूट, खांद्यावर गळाची घडीची काठी. आणि वर आभाळात औषधालाही ढग नाही.

दाजींचं चौकाजवळ बी-बियाणांचं आणि खताचं दुकान आहे. म्हणजे पावसाची वाट बघणं हा धंद्याचाच भाग. त्यातून जिल्हा बीड. वर्षाची सरासरी सहा-साडेसहाशे मिलिमीटर, आणि ती सरासरी सरकारी कागदाबाहेर फारशी भेटत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात दाजींनी नवा रेनकोट घेतला. आक्का म्हणाली, "तळ्यात चिखलसुद्धा उरला नाही, अन् तुम्हाला रेनकोट सुचायलाय!" दाजी शांत. "अगं, आता गिऱ्हाईक नाही म्हणून स्वस्तात द्यायलेत. पाऊस आल्यावर कोण देतंय?" पुढं पावसाळा सरता सरता मराठवाड्यात असा काही पाऊस कोसळला की मांजरा धरण भरलं. त्याचं श्रेय दाजी अजून त्या रेनकोटला देतात, आणि चारचौघांत देतात.

"मासा नशिबाचा, कपडा अकलेचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मासा मिळाला नाही की ते म्हणतातच, पण निघण्याआधीही म्हणून ठेवतात.

पालीच्या बिंदुसरा तलावावर जायचं म्हणजे घाट उतरायचा, संपलं. स्कूटरवर फार तर अर्धा तास. घराच्या ओसरीतून स्कूटरपर्यंत पोचायलाच दाजींना त्याहून जास्त वेळ लागतो. आधी पायांना खोबरेल तेल. बोटांच्या बेचक्यांत जरा जास्त, कारण "चिखल्या झाल्या की माणूस आठ दिवस कामातनं गेला." मग एक पातळ मोजा, त्यावर लोकरीचा जाड. गमबूट मापापेक्षा एक नंबर मोठा. "बूट आवळला की रक्त अडतं, पाव्हणं. रक्त अडलं की बोटं गार. बोटं गार पडली की मन लागत नाही." बनियन मात्र काढून ठेवायचा. सुती बनियन एकदा भिजला की लवकर वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतो, म्हणून जुना लोकरीचा स्वेटर थेट अंगावर. तो टोचतो. दाजी खाजवत खाजवत सांगतात, "टोचायलीय म्हणजे अस्सल हाय."

त्यानंतर रेनकोटची विजार. ती बुटात खोचायची नाही, बुटावरून सोडायची. हा त्यांचा सगळ्यांत आवडता मुद्दा, आणि शेजारपाजारच्या प्रत्येक मोटारसायकलवाल्याला त्यांनी तो एकदा तरी रस्त्यात थांबवून सांगितलेला आहे. "आत खोचली की सगळा पाऊस विजारीवरून घरंगळत बुटात. मग बूट म्हणजे तांब्या!" मग नारिंगी लाइफ जॅकेट. ते आक्काच्या हट्टाचं, कारण दाजींना पोहता येत नाही. पण भडक रंग मासा ओळखतो यावर दाजींचा विश्वास. तडजोड म्हणून ते जॅकेट रेनकोटच्या आत घालतात, त्यामुळं बाहेरून गृहस्थ चांगलाच बाळसं धरलेला दिसतो. शेवटी बटणं, चेन, गळ्याची नाडी, टोपीची नाडी. सगळं आवळून झालं की दाजी एकदम स्तब्ध होतात. स्कूटरची किल्ली आतल्या विजारीच्या खिशात राहिलेली असते.

"झालं," आक्का आतून म्हणते, "आता परत तेलापासून."

त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या रेनकोटांचा बाप म्हणजे घोंगडी. वडलांची काळी घोंगडी, चिंचोक्याची खळ दिलेली, अजून त्यांच्या कपाटात आहे. तिची खोळ करून म्हातारबा भर पावसात गुरं राखायचे. खळीमुळं ती ताठ राहते, पाऊस तिच्यावरून ओघळतो, आणि मुरला तरी लोकर ऊब सोडत नाही. इथवर दाजींचं सगळं खरं आहे. पण इथवर थांबतील तर ते दाजी कसले? सोयाबीनच्या बियाण्याचा भाव विचारायला आलेला शेतकरी काउंटरपाशी उभा असतो आणि दाजी त्याला सांगत असतात की 1823 साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मधे रबराचा थर देऊन पाऊस अडवला, आपल्याकडं कलकत्त्याच्या सुरेंद्रमोहन बोसांनी 1920 मध्ये कारखाना काढला, तोच आपला डकबॅक. पण या सगळ्यांत एक खोट राहिली. बाहेरचं पाणी आत येत नाही तसा आतला घामही बाहेर जात नाही. "म्हणजे माणूस पावसानं नाही, स्वतःच भिजतो. घोंगडीत असं होतं का? सांगा."

"व्हय, ते बरोबर हाय," शेतकरी म्हणतो. "पन बॅग केवढ्याला?"

मध्यंतरी कुरिअरनं एक अवजड खोकं आलं. त्यात छातीपर्यंत येणारी रबरी विजार, बूट तिलाच जोडलेले, वर खांद्याला पट्टे. थंड पाण्यात कमरेइतकं उभं राहून गळ टाकणारे परदेशी लोक वापरतात ती. वेडर म्हणतात तिला. दाजींनी ती दुकानातच चढवली आणि कमरेला वेगळा पट्टा आवळला. हा पट्टा महत्त्वाचा. पाण्यात घसरून पडलं तर वरून पाणी शिरून विजार भरते आणि माणसाला उठता येत नाही. पट्टा असला तर ते पाणी खाली उतरायचं बरंचसं थांबतं. हे ते मला समजावत असतानाच एक म्हातारे शेतकरी आले, त्यांनी दाजींना खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "फवारनीचं नवीन आलंय का? मला बी एक द्या."

मी हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, कपाटातून हातमोजे, चष्मा आणि तोंडाचा मास्क काढला आणि एकेक वस्तू घालून दाखवली. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले. तेव्हापासून हातमोजे घेतल्याशिवाय दाजी कुणाला कीटकनाशकाची बाटली देत नाहीत. पैसे नसले तर हातमोजे उधार. बाटली मात्र रोख. धंद्याच्या दृष्टीनं हे उलटं आहे, असं त्यांच्या मुलाचं मत. मुलाचं मत ते लक्षपूर्वक ऐकतात.

बुटांच्या तळव्यांवर तर त्यांनी ग्रंथच लिहायला हवा. शेवाळलेल्या दगडावर साधा रबरी तळवा सटकतो, म्हणून कुठून तरी नमद्याचा तळवा असलेले बूट मागवले. पकड तपासायला कपिलधारला गेले. तिथं मन्मथस्वामींची समाधी, शेजारी धबधबा; गळ काढायची ती जागाच नव्हे, आणि दाजींनी काठी घरीच ठेवली होती. पण पोशाख पूर्ण. कार्तिकातल्या यात्रेसाठी पायी दिंडीतून आलेली माणसं अनवाणी पायांनी त्या ओल्या पायऱ्या सहज चढून गेली आणि दाजी कठड्याला धरून "पकड चांगली हाय" म्हणत एकेक पाऊल टाकत होते.

पुढं त्यांना कळलं की न्यूझीलंडनं 2008 मध्ये या नमद्याच्या तळव्यांवर बंदी घातली. ओला नमदा लवकर वाळत नाही, त्यात एका नदीचं उपद्रवी शेवाळ अडकून दुसऱ्या नदीत जाऊन पोचतं. झालं! तेव्हापासून पालीहून आलं की बूट मिठाच्या पाण्यात. मांजरसुंबा बालाघाटाच्या माथ्यावर. अलीकडचं पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला, पलीकडचं मांजरेला. आपल्या पायांनी एका खोऱ्यातलं शेवाळ दुसऱ्या खोऱ्यात जाता कामा नये, असा दाजींचा दंडक. भूगोल शिकवणाऱ्या एका गुरुजींनी सांगून पाहिलं की दाजी, दोन्ही नद्या शेवटी गोदावरीलाच मिळतात. "मिळू द्या," दाजी म्हणाले, "माझ्यामुळं नको."

धुतलेले बूट वाळवायचे कसे, तर उन्हात नाही, चुलीजवळ तर नाहीच. रबर तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सावलीत ठेवायचे. रोजच्या अंकापेक्षा रविवारची पुरवणी पाणी जास्त ओढते, असा त्यांचा अनुभव आहे. माझे लेख पुरवणीत येतात हे त्यांना माहीत आहे. "तुमचा मागचा लेख फार कामाला आला," असं ते म्हणाले तेव्हा मी पुढं काही विचारलं नाही.

हिवाळ्यात त्यांचा दुसरा हंगाम. थंड पाण्यात मासा सुस्तावतो, त्याची भूक मंदावते, गळाला फारसा लागत नाही, हे दाजी स्वतःच सांगतात. मग जानेवारीच्या पहाटे जाता कशाला? "थंडीचे कपडे काय उन्हाळ्यात तपासायचे?" अशाच एका पहाटे त्यांनी मलाही बरोबर घेतलं. मफलर कानांवरून, छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राचा पूर्ण अंक, हातांत दोन थरांचे मोजे. घाटात झोंबणारं वारं होतं आणि माझे दात वाजले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दाजींची चेष्टा करणाऱ्यांपैकी निम्मे त्यांच्याच सल्ल्यानं कोरडे राहिलेले आहेत.

तलावातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असतो, त्यामुळं दाजी रीतसर विचारून बसतात. संस्थेची माणसंही कधी नाही म्हणत नाहीत. दाजींपासून माशांना धोका नाही, याची त्यांना खात्री पटलेली आहे.

मागच्या पावसाळ्यात आम्ही दोघं पालीला गेलो. बारीक पाऊस, गार वारं, दाजींच्या मनासारखा दिवस. दहा-बारा हातांवर एक पोरगं बसलेलं. अंगात हाफ चड्डी, डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, हातात साधी वेळूची काठी, बाजूला डबड्यात गांडुळं. आम्ही पोचलो तेव्हाच त्याच्याजवळ दोन चिलापी होत्या. दाजींनी काठीची घडी उलगडून गळ बांधेपर्यंत एक मरळही आली. पोत्यावरचं नाव ओळखून दाजी खूश झाले. पोतं आपल्याच दुकानातलं असणार. मग नजर खाली गेली.

"पायात काय घालतोस रे?"

पोरानं वाकून बघितलं. "चिखल."

दाजींना राहवेना. गार पाण्यानं पायाला काय काय होतं, हे त्यांनी त्याला सविस्तर सांगितलं. चिखल्यांपासून सुरुवात करून ते मॅकिंटॉशपर्यंत आले तेव्हा पोरानं चौथा मासा काढला. निघताना दाजींनी पिशवीतला लोकरीच्या मोज्यांचा कोरा जोड त्याच्या हातात ठेवला. "रात्री घालून झोपायचं. काय?" पोरानं मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात दाजी पुन्हा गेले. पोरगं तिथंच, पाय तसेच उघडे. मोजे मात्र बरोबर आणले होते. एकात ओली माती आणि गांडुळं भरून तोंडाला सुतळी बांधलेली. दुसरा तळ्यात बुडवून ठेवलेला, ओलाव्याला. "काका, लई भारी हायेत," पोरगं म्हणालं. "डबड्यात दुपारपतुर मरत्यात. ह्याच्यात दोन दीस वळवळ करायलेत."

आक्कानं हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. दाजींना वाईट वाटलं असेल, असं मी म्हणालो, तेवढ्यात त्यांनी तिच्याकडून फोन घेतला. आवाजात उत्साह मावत नव्हता. लोकर ओल धरून ठेवते आणि हवाही खेळती ठेवते, हे आपल्याला ठाऊक असून आजवर डोक्यात कसं आलं नाही, यावर ते बराच वेळ बोलले.

"तर पाव्हणं, पुण्याहून येताना लोकरीच्या मोज्यांचे चार जोड आणा. दोन नऊ नंबरचे, माझे. एक त्या पोराच्या पायांचा."

"अन् चौथा?"

"गांडुळांचा. जरा सैलच बघा."