अवसेपुनवेचे जावई

समुद्रकाठी घर असलं की नातेवाईक आपोआप वाढतात. अलिबागजवळच्या नागावात राहणाऱ्या कुणालाही विचारा. ज्यांचं नातं सांगताना आईला तीन पिढ्या मागे जावं लागतं अशी माणसं मे महिन्यात दारात रिक्षातून उतरतात, पोहे खातात, समुद्रात डुंबतात, वाळूसकट न्हाणीघरात शिरतात आणि जाताना चार शहाळी पाडून मागतात. त्यांचं काही वाटत नाही. ती समुद्रासाठी येतात, हे निदान उघड असतं. आमचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, समुद्रासाठी येत नाहीत. आम्हाला भेटायला तर नाहीच नाही. ते उजेडासाठी येतात.

सोमवार ते शुक्रवार भावोजी मुंबईत एका बँकेत कर्जाच्या फायली तपासतात. शनिवारी पहाटे मात्र ते अंगात सतरा खिशांचं जाकीट चढवतात, गळ्यात एक कॅमेरा, पाठीवर दुसरा, आणि गेटवेवरून मांडव्याची पहिली लाँच धरतात. मागून ताई येते. तिच्या एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात ट्रायपॉड. कॅमेऱ्याचा भार भावोजी दुसऱ्या कुणावर टाकत नाहीत. बाकी सगळा टाकतात. हिवाळ्यात लाँचच्या मागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. हे पाखरू लडाखपासून मध्य आशियापर्यंत कुठून कुठून उडत आमच्या किनाऱ्याला येतं आणि इथे येऊन वेफर्स खातं. तासाभराच्या त्या प्रवासात भावोजी कुरवांचे इतके फोटो काढतात, की एखाद्या पक्ष्याचं रेशनकार्ड काढायचं ठरलं तर पासपोर्ट साईज तयार आहे.

घरात पाऊल टाकल्याटाकल्या पहिला प्रश्न असतो, ‘‘हवाबंद डबा आहे ना?’’ आमच्याकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. ती एकदा आत शिरली की काच उघडून साफ करायचा खर्च ऐकून माणसालाच बुरशी धरेल. तेव्हा आईचा कडव्या वालांचा डबा रिकामा होतो, वाल परातीत जातात आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह भावोजींची लेन्स झोपते. आईने जावयाचा मान म्हणून हेही सोसलं. एकदा मात्र भावोजी कॅमेऱ्याच्या पडद्यात बघून आनंदाने ओरडले, ‘‘वा! काय सुंदर बोके आलाय!’’ फोटोत पार्श्वभूमी धूसर होते त्याला कॅमेरेवाले बोके म्हणतात. आई स्वयंपाकघरातून काठी घेऊन धावली, कारण अंगणात सोडे वाळत होते.

भावोजींचा दिवस आमच्यासारखा नसतो. तो पहाटे साडेपाचला सुरू होतो, साडेआठला संपतो आणि पुन्हा पाचला सुरू होतो. मधला उजेड ‘हार्श’ असतो. त्या वेळात ते झोपाळ्यावर पडून असतात आणि कुणी ‘बाजारातून जरा कोथिंबीर आणता का’ म्हणालं, तर सूर्याकडे बोट दाखवतात. जेवण तयार होतं तेव्हा नेमका गोल्डन अवर लागलेला असतो. गरम सुरमई ताटात निवत असते आणि जावई वरसोलीच्या किनाऱ्यावर पोटावर पडून ओल्या शिंपल्याशी डोळा भिडवत असतात.

गंमत अशी की भावोजींना किनारा अजून नीट कळला नसला, तरी किनाऱ्याला भावोजी केव्हाच कळले आहेत. अशी माणसं आता इतकी येतात, की आमचे लोक तयार झालेत. आक्षीच्या बाजूला पाग टाकणारा एक जण आहे. शनिवारी संध्याकाळी तो पाण्यात उभा राहून आधी सूर्य कुठे आलाय ते बघतो, मग कॅमेरे कुठे आहेत ते बघतो, आणि विचारतो, ‘‘शेट, जाळ्यात सूर्य घेऊ, की किल्ला?’’ पाग हवेत गोल उघडावा आणि त्यातून सूर्य दिसावा, ही प्रत्येक कॅमेरेवाल्याची जन्माची इच्छा असते. हा गडी ती पन्नास रुपयांत पुरवतो. मी विचारलं, ‘‘मासळी काही मिळते का?’’ तर म्हणाला, ‘‘मासळी लागो न लागो, शनवारी चार-पाच कॅमेरेवाले जाळ्याला लागतातच.’’

तसंच कार्ल्याच्या रस्त्यावरच्या कांदेवालीचं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे त्याची माळ आता भावातही दिसते आणि फोटोतही. भावोजींनी त्या माळांचे आडवे, उभे, तिरके, खालून, पातीच्या फटीतून असे फोटो काढले. बाईने शांतपणे पदर सावरला, मान उजेडाच्या बाजूला केली, सगळं होऊ दिलं आणि मग विचारलं, ‘‘झालं? आता माळी किती बांधू?’’ त्या हंगामात आमच्या ओटीच्या वाशांना इतक्या माळा टांगलेल्या होत्या, की येणारेजाणारे भाव विचारू लागले.

भावोजींना इतिहासाचं वावडं नाही, फक्त तो योग्य बाजूने उजळलेला हवा. आक्षीला शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. मी त्यांना मुद्दाम तिथे नेलं, हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीने आपली भाषा दगडात घातली वगैरे भरल्या गळ्याने सांगितलं. ते दोन पावलं मागे सरले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, ‘‘लाइट फ्लॅट आहे रे.’’

किहीमला नेलं तेव्हा त्यांना अधिक रस वाटला. पक्षीतज्ज्ञ सालीम अली १९३० मध्ये तिथे राहत होते. नोकरी नव्हती, वेळ भरपूर होता, आणि त्या वेळात त्यांनी सुगरणीचं सगळं संसारशास्त्र उलगडलं. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर आत राहते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं घरटं विणायला घेतो. भावोजी तल्लीन होऊन ऐकत होते. ताई म्हणाली, ‘‘तो निदान अर्धं तरी बांधतो.’’ बोरिवलीच्या फ्लॅटचे पैसे मोठ्या लेन्समध्ये गेले, ही त्यामागची कथा मला नंतर आईकडून कळली.

ती मोठी लेन्स म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पांढरी, आणि स्वभावाने अतिशय दूरदृष्टीची. फणसाडच्या अभयारण्यात पाणवठ्याला गाण म्हणतात. तिथे एका गाणीजवळ आम्ही सकाळभर श्वास रोखून बसलो होतो. शेकरू यायला हवं होतं. ते आलं, पण समोरच्या झाडावर न येता आमच्याच डोक्यावरच्या फांदीवर उतरलं, शेपूट खाली सोडून बसलं आणि आमच्याकडे बघू लागलं. हात लांब केला असता तर लागला असता. भावोजींनी लेन्स रोखली. लेन्स आत-बाहेर कुरकुरली आणि थांबली, कारण नऊ फुटांच्या आतलं तिला दिसतच नाही. ते हळूच मागे सरकू लागले. ते एक पाऊल मागे, की शेकरू एक फांदी पुढे. कुतूहल दोन्ही बाजूंना सारखंच होतं. मी मोबाइल काढणार तोच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी तो परत खिशात घातला.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद होतात. मग ते वडखळमार्गे येतात आणि वाटेत कर्नाळ्याच्या परिसरात गाडी वळवतात. कारण तिबोटी खंड्या. वितीपेक्षाही लहान, लाल चोच, पिवळं-नारिंगी पोट, पाठीवर निळी-जांभळी झाक. आमच्या रायगड जिल्ह्याचा हा मानाचा पक्षी पावसात ओढ्याच्या काठी मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो. कॅमेरेवाले मात्र त्याला ‘ओडीकेएफ’ म्हणतात. कानाला हे कर्जाच्या योजनेचं नाव वाटतं. एका ओढ्याकाठी ताईने पाहिलं ते असं: दहा-बारा लेन्सा एका ओळीत, प्रत्येक लेन्सवर छत्री, छत्रीबाहेर भिजणारा मालक, आणि समोरच्या वेलीवर चोचीत पाल धरून बसलेली पक्षीण. ती बिळात जाईना, कारण बिळासमोर हे. हे उठेनात, कारण ती बिळात जाताना हवी. अर्धा तास असा गेल्यावर ताईने स्वतःची फुलाफुलांची छत्री उघडली, सगळ्या लेन्सांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘उठा. तिची पोरं उपाशी आहेत. गाडीत माझीही आहेत.’’ त्या रांगेतल्या किती जणांकडे फुलाफुलांच्या छत्रीचा फोटो आहे कोण जाणे.

पण भावोजींचा खरा जीव अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये हा किल्ला बांधायला घेतला, पुढे आंग्र्यांनी तिथून आरमार हाकलं. त्याच्या तटाचे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींतून शिरतं आणि जोर गमावून बसतं. ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येतं, पाणी थोडं असलं तर टांग्याने. भावोजींना चिऱ्यांवर आपटणारं पाणी धुक्यासारखं दिसायला हवं होतं. त्यासाठी कॅमेऱ्यावर काळी काच लावून अर्धा-अर्धा मिनिट शटर उघडं ठेवावं लागतं. मोबाइलच्या ॲपवर त्यांनी ओहोटीची वेळ चोख पाहिली होती. ती कुठल्या बंदराची, तेवढं पाहायचं राहिलं. तटाखाली ते तीस-तीस आकडे मोजत असताना मागचा रस्ता समुद्राने केव्हाच परत घेतला होता.

शेवटच्या टांगेवाल्याने घोडा थांबवून हाक मारली. भावोजी ॲप दाखवू लागले. टांगेवाल्याने ते पाहिलं आणि विचारलं, ‘‘मुंबईहून आलात काय?’’ ‘अलिबागहून आलायस काय’ या चेष्टेविरुद्ध २०१९ मध्ये आमच्याकडच्या एका गृहस्थांनी उच्च न्यायालयात याचिका केली होती आणि न्यायालयाने ती फेटाळली होती. आम्हाला जो न्याय तिथे मिळाला नाही, तो त्या दिवशी टांग्यात मिळाला.

त्याच टांग्यात, पोटरीभर पाण्यातून येताना, भावोजींना विद्या मिळाली. तिथीला पाऊणने गुणायचं; येईल तो भरतीचा तास. त्यात सहा मिळवले की ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. फार काटेकोर नाही, पण घोडा बुडत नाही. भावोजी बँकेतले, हिशेब त्यांनी तिथेच पुढे नेला. पुनवेला आणि अवसेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला ओहोटी. त्यात ते उधाणाचे दिवस, पाणी मागे लांबवर सरतं. सूर्य बुडताना मैलभर ओली वाळू आणि तीत अख्खं आकाश. अवसेला वर आणखी फायदा, रात्री चंद्र नाही, म्हणजे तारे.

तेव्हापासून भावोजी शनिवार-रविवार सोडून पंचांग बघून रजा टाकू लागले. फोनवर पहिला प्रश्न, ‘‘आई, अवस कधी लागते?’’ आईला आधी बरं वाटलं, जावई धर्माला लागले. मग तिला काळजी वाटू लागली. अवसेला ज्या वेळी आमच्याकडे माणसं घराबाहेर पडत नाहीत, त्या वेळी हे कपाळाला लाल दिवा बांधून किनाऱ्यावर जातात. (अंधाराला सरावलेले डोळे लाल उजेडाने दिपत नाहीत, हे मला माहीत आहे, गावाला नाही.) तीन पायांच्या मांडणीवर काळं कापड टाकतात. पाढे म्हटल्यासारखे एक ते तीस मोजतात. आणि समोर, लाटांच्या कडेला, पांढरा पंजाबी ड्रेस घालून ताई पुतळ्यासारखी उभी, कारण फोटोत ‘स्केल’ कळायला माणूस लागतं. अधूनमधून अंधारातून हुकूम येतो, ‘‘हलू नकोस!’’

वाडीपलीकडची आजी एका सकाळी कुंपणाशी आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, ‘‘आमची म्हस आटलीय. जावयांना विचार ना, काही करतात का.’’ मी गडबडलो. जादूटोण्याविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे, भावोजींची पेन्शन जाईल, असं काय काय डोक्यात आलं. म्हटलं, ‘‘आजी, ते फक्त डोळा लावून बघतात.’’

‘‘मग एवढं बघून जाऊ देत,’’ ती म्हणाली.

भावोजी गोठ्यात शिरले आणि तिथेच हरवले. कौलाच्या फटीतून एक कवडसा थेट म्हशीच्या शिंगावर पडला होता. दोन तास ते शेणात गुडघे टेकून होते. त्याच आठवड्यात म्हशीने पुन्हा धार दिली. जनावरांच्या डॉक्टरांनी पेंड बदलायला सांगितली होती, हे आजीने मला सांगितलं, गावाला सांगितलं नाही. पुढच्या पुनवेसाठी तिघांनी आपापली जनावरं आणि एकाने न चालणारी मोटार सांगून ठेवली आहे.

आईला याचा राग आला. जावई आल्यापासून ती एक फोटो मागत होती, नीट, चौकटीत लावण्याजोगा. दर वेळी उत्तर ठरलेलं, ‘‘आई, पोर्ट्रेट हा माझा जॉनर नाही.’’ म्हशीचे फोटो ताईने दाखवले तेव्हा ती काही बोलली नाही. पण परवाच्या पुनवेला मी पाहिलं, तर ती नवं इरकली लुगडं नेसून, केसात अबोली माळून, आजीच्या गोठ्यात म्हशीशेजारी पाट घेऊन बसली होती. कवडसा बरोबर वेळेवर आला. भावोजी गुडघे टेकून खाली झाले, एक डोळा मिटला, बोट शटरवर ठेवलं आणि अदबीने म्हणाले, ‘‘आई, जरा डावीकडे सरकता? म्हशीवर सावली पडतेय.’’