साडेसहाचा बँडवाला

दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये 'आमच्या मजल्यावर एक बँडवाले राहतात' असं कुणी सांगितलं, तर लाल कोट आणि पितळी ट्रम्पेट डोळ्यांसमोर आणू नये. हा बँडवाला चाळिशीला टेकलेला असतो, चष्मा कपाळावर चढवलेला असतो आणि एखाद्या कंपनीत प्रोजेक्ट इंजिनिअर नाहीतर अकाउंट्स मॅनेजर असतो. कॅनडाला जायचं म्हणून त्याला आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत, रीडिंगच्या पेपरात, सात बँड हवे असतात. आजवर मिळालेत साडेसहा. त्या उरलेल्या अर्ध्या बँडने गेले आठ महिने घरात कुणाला धड झोपू दिलेलं नाही.

त्याला ओळखणं सोपं आहे. शनिवारी सकाळी सिलिकॉन सेंट्रल मॉलमधल्या लुलू हायपरमार्केटमध्ये जा. बाकीचे मराठी लोक जाडे पोहे कुठल्या रॅकवर गेले ते शोधत असतात. हा पोह्यांचं पाकीट हातात धरून मागचा मजकूर वाचत असतो. ओठ हलत असतात, तर्जनी ओळीखालून सरकत असते. 'स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस' वाचून झालं की तो बायकोला विचारतो, "यात फ्रिजमध्ये ठेवा असं म्हटलंय का?" बायको म्हणते, "अहो, पोहे आहेत ते. ट्रॉली पुढे घ्या."

शेख मोहम्मद बिन झायेद रोड आणि अल ऐन रोड यांच्या बेचक्यात ७.२ चौरस किलोमीटरवर वसवलेली ही तंत्रज्ञाननगरी. नावात सिलिकॉन असलं तरी इथे घर घेताना माणूस आधी भाडं बघतो, मग पार्किंग, मग शाळेची बस. संसार बरा चाललेला असतो. तरी बँडवाल्याला कॅनडा का हवा? कारण सरळ आहे. इथला व्हिसा बहुतेकांच्या बाबतीत नोकरीला बांधलेला. वीस वर्षं राहिलं तरी माणूस पाहुणाच, फक्त पाहुण्याला वीजबिल येतं. एखाद्या दिवाळी फराळाला कुणीतरी 'एक्स्प्रेस एंट्री' हा शब्द चकलीसोबत तोंडात टाकतो, आणि त्या रात्री बँडवाला जन्माला येतो.

कॅनडाने २०१५ च्या जानेवारीपासून स्थलांतरितांसाठी ही एक्स्प्रेस एंट्रीची गुणांची पद्धत चालू केली. तिच्यात वयाला गुण आहेत आणि ते वयाबरोबर झडतात. जोडीदारासह अर्ज करणाऱ्या उमेदवाराला एकोणतिशीपर्यंत पूर्ण १०० मिळतात, एकोणचाळिसाव्या वर्षी ५०, चाळिसाव्या वर्षी ४५, आणि त्यानंतर दरसाल दहा-दहा जाऊन चव्वेचाळिसाव्या वर्षी पाच, पंचेचाळिशीला शून्य. म्हणजे वाढदिवसाला बायको केक आणते आणि कॅनडा पाच गुण घेऊन जातो. गेल्या वाढदिवसाला मेणबत्ती विझवताना बँडवाल्याचा चेहरा पाहून मुलीला वाटलं, बाबांना धूर लागला.

हे पाच-दहा गुण भरून काढायचा एकच मार्ग हातात उरतो तो भाषेचा. चारही विभागांत ठरावीक पातळी गाठली तर गुणांची एकदम उडी पडते. त्या पातळीला ऐकण्यात आठ आणि बाकी तिन्हींत सात बँड लागतात. बँडवाल्याचं घोडं अडलं वाचनात. ज्या माणसाने दहा वर्षं दीडदीडशे पानांची टेंडरं वाचली, त्याला वाचन येत नाही असा निकाल कागदावर आला. तो कागद त्याने बायकोच्या आधी स्वतःच कपाटात, पासपोर्टच्या खाली ठेवला. आणखी बोच अशी की बायकोनेही, जोडीदाराचे थोडे गुण मिळतील म्हणून, हीच परीक्षा दिली होती. आदल्या रात्री भाजी निवडून झाल्यावर एक पेपर सोडवला, आणि वाचनात आठ बँड. घरात हा विषय निघत नाही.

आता पेपर कसा असतो ते सांगायला हवं. साठ मिनिटं, चाळीस प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण स्पेलिंग चुकलं तर उत्तर गेलं. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं म्हटलं असेल आणि तुम्ही तीन लिहिलेत, तर उत्तर अगदी बरोबर असूनही शून्य. ही अट बँडवाल्याला अपमानास्पद वाटते. घरी ऑम्लेट हवं का याचंही उत्तर तो दोन शब्दांत देत नाही.

क्लास त्याने लावला नाही. परीक्षेची फीच हजार दिरहमच्या वर, त्यात क्लासचे पैसे कोण देणार? 'सेल्फ स्टडी' हा शब्द तो अशा अभिमानाने उच्चारतो, जणू रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकला. केंब्रिजच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तकं मीना बाजारातून झेरॉक्स करून, स्पायरल बायंडिंग मारून आणली. स्वयंपाकघरातला टायमर उचलून आणला; त्या आठवड्यात राजमा तीनदा करपला. आणि रोज पहाटे साडेपाचला, गॅलरीत, एसीच्या बाहेरच्या युनिटची घरघर ऐकत, साधना सुरू.

पहिले तीन महिने तो ज्या पेपरवर मेहनत घेत होता तो चुकीचा होता. आयेल्ट्सचे दोन प्रकार: एक ऍकॅडमिक, विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी, दुसरा जनरल ट्रेनिंग, आणि कॅनडाच्या कायमच्या वास्तव्याला हा दुसरा लागतो. ऍकॅडमिकमध्ये चाळीसपैकी साधारण ३० बरोबर आले की सात बँड मिळतात. जनरलचे उतारे सोपे, म्हणून तिथे ३४ लागतात. बँडवाला ३१ आले की पेढे वाटायच्या बेतात असायचा. हे त्याला कळलं ते लिफ्टमध्ये, सहाव्या मजल्यावरच्या केरळी शेजाऱ्याकडून, आणि चौथा मजला यायच्या आत त्याचा अर्धा बँड पुन्हा गेला.

तरी त्या तीन महिन्यांनी त्याला ज्ञानी केलं हे मान्य करावं लागेल. बाटलीचं बूच कुठल्या झाडाच्या सालीपासून होतं, मधमाश्या का कमी झाल्या, ईस्टर बेटावरचे पुतळे कसे हलवले असतील, हे सगळं तो जेवताना सांगतो. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना त्याने आरतीच्या आधी काचेचा इतिहास ऐकवला. पाहुणे अजून त्या घरी जायचं म्हटलं की विचारतात, आधी कुठला उतारा चालू आहे ते कळवा.

पण खरी अडचण वेगळी आहे, आणि ती इंग्रजीची नाहीच.

आपल्या शाळेत उतारा म्हणजे काय होतं? बँडवाला मराठी माध्यमाचा. त्याच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. 'अनसीन पॅसेज' आला की प्रश्नातला ठळक शब्द पकडायचा, तो उताऱ्यात हुडकायचा, आणि ज्या ओळीत सापडेल ती ओळ पूर्णविरामासकट उतरवून काढायची. अर्थ कळलाच पाहिजे अशी सक्ती कुणी केली नव्हती. या पद्धतीवर दहावीला इंग्रजीत ७८ मिळाले आणि पेपरवाला दारात पेढे खाऊन गेला.

आयेल्ट्सवाले नेमकं इथेच खोड्या करतात. प्रश्नात 'बहुतेक' असेल तर उताऱ्यात 'सगळे'. प्रश्नात 'मुलं' तर उताऱ्यात 'अल्पवयीन व्यक्ती'. ओळखीचा शब्द दिसला म्हणून धावत जावं, तर तो तिथे मुद्दाम आमिषासारखा ठेवलेला. ही मानवजातीची जुनी खोड आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ मध्ये यावर निबंधच लिहिला. मुलांना एक छोटा उतारा दिला: फ्रँकलिन नावाच्या गावी सात ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची आहे, अमुक कारणं सोडून. मुलं गडबडली. काहींना एकच शब्द इतका भारी वाटला की बाकीचे त्याच्या वजनाखाली चिरडले, काहींनी उतारा बाजूला ठेवून मनातलं उत्तर लिहिलं. बँडवाल्याला हे कळलं तेव्हा त्याला बरं वाटलं. शंभर वर्षांपूर्वीपासून आपल्या जातीची माणसं आहेत तर!

आणि मग येतो तो प्रश्न. समोर एक विधान. तीन पर्याय: बरोबर, चूक, आणि 'नॉट गिव्हन', म्हणजे उताऱ्यात दिलेलं नाही.

हा तिसरा पर्याय मराठी माणसाच्या घशाखाली उतरत नाही. आपल्याकडे पत्ता विचारला आणि माहीत नसला तरी सांगतात. वर 'तिथे जाऊन कुणालाही विचारा' अशी पुरवणीही जोडतात. 'मला ठाऊक नाही' म्हणणारा माणूस कट्ट्यावर टिकत नाही. दुबई मेट्रोची ब्लू लाइन सिलिकॉन ओएसिसमधून जाणार आणि ती ९ सप्टेंबर २०२९ ला सुरू करायची असं जाहीर झालंय. बातमी एवढीच. बँडवाला त्यावर भाडं किती वाढेल, कुठल्या इमारतीचं वाढेल, आणि आपला घरमालक कोणत्या महिन्यात ईमेल पाठवेल इथपर्यंत सांगतो. अशा माणसाने चाळीसपैकी काही ठिकाणी मुकाट्याने 'दिलेलं नाही' असं लिहायचं?

विहिरींच्या उताऱ्यावर तर तो पुरता बुडाला. केंब्रिजच्या दहाव्या पुस्तकात गुजरात-राजस्थानातल्या पायऱ्यांच्या विहिरींवर एक उतारा आहे. राणी की वाव, चांद बावडी, सगळ्या हजर. बँडवाला सातारचा. लिंबची बारा मोटेची विहीर लहानपणी सहलीत पाहिलेली. महाराष्ट्रातल्या बारवांचा उल्लेखच नाही हे पाहून त्याचं रक्त तापलं, आणि पुढची सगळी उत्तरं त्याने त्या तापलेल्या रक्ताने लिहिली. तेरापैकी सात.

"बाबा, त्यात जे आहे तेवढंच बघायचं," सातवीतली मुलगी म्हणाली. "आमच्या मिस सांगतात."

"तुमच्या मिसला बारा मोटेची विहीर माहीत आहे का?"

मुलीने दप्तर उचललं आणि आत गेली.

त्याला अखेर शिकवलं ते त्याच्या वडिलांनी. अण्णा तलाठी म्हणून निवृत्त झालेले, व्हिजिट व्हिसावर दोन महिने आलेले. दिवसभर खिडकीतून क्रेन मोजायच्या आणि संध्याकाळी खाली चालायला जायचं हा त्यांचा कार्यक्रम. एका पहाटे झोप येईना म्हणून तेही गॅलरीत येऊन बसले.

"कसला उतारा वाचतोस?"

बँडवाल्याने वैतागत सगळं सांगितलं. अण्णांनी आत जाऊन पिशवी आणली. प्लास्टिकच्या त्या पिशवीत औषधं, परतीचं तिकीट आणि गावच्या जमिनीचा सातबारा असा त्रिवेणी संगम असतो. त्यांनी सातबारा टेबलावर उलगडला, केंब्रिजच्या पुस्तकावरच.

"हा वाच. भोगवटादार म्हणून कोणाचं नाव आहे?"

"तुमचं आणि काकांचं."

"म्हणजे जमीन माझी एकट्याची आहे, असं मी म्हटलं तर?"

"चूक."

"बरं. आता आपल्या शेतात विहीर आहे का?"

"आहे की! मी पोहायला शिकलो तिच्यात."

"ते तुला ठाऊक. उताऱ्याला ठाऊक आहे का?"

बँडवाल्याने गाव नमुना सात पाहिला, गाव नमुना बारा पाहिला, इतर अधिकाराचा रकाना पाहिला. पोटखराब होतं, फेरफाराचे आकडे होते, सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. विहीर कुठेच नव्हती.

"नोंद लावायची राहून गेली," अण्णा म्हणाले. "मग विहीर नाही, असं लिहिलंय का यात?"

"नाही... तसंही लिहिलेलं नाही."

"मग? तीस वर्षं मी हेच केलं. लोक यायचे, म्हणायचे, अण्णा, सगळ्या गावाला माहिती आहे. मी म्हणायचो, गावाला असेल, उताऱ्यात दाखवा." एवढं बोलून त्यांनी कागदाची जुन्या घडीवर घडी घातली आणि चहाचं विचारलं.

पुढच्या पेपरात ३३. त्याच्या पुढच्यात ३५. जनरलचे उतारे म्हणजे तरी काय असतात? जाहिराती, सूचना, कर्मचाऱ्यांसाठी नियम. बँडवाल्याच्या लक्षात आलं की इमारतीच्या लिफ्टमध्ये रोज एक उतारा फुकट चिकटवलेला असतो. 'काइंडली बी इन्फॉर्म्ड' अशी सुरुवात असलेली जलतरण तलाव बंद असल्याची सूचना त्याने वॉचमनसमोर तीनदा वाचली. तलाव पुढील सूचनेपर्यंत बंद. कधी उघडणार? दिलेलं नाही. वॉचमन म्हणाला, "सर, मंडे को खुलेगा." बँडवाल्याने मान हलवली. "भाई, इसमें लिखा नहीं है." सोमवारी तलाव उघडला, तेव्हाही तो पोहायला गेला नाही, सूचना अजून लिफ्टमध्ये होती.

परीक्षा झाली. निकाल लॅपटॉपवर उघडला तेव्हा घरातली सगळी मंडळी मागे उभी होती. रीडिंग: साडेसात. अण्णांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. बायकोने मनापासून टाळी वाजवली. आठाचा विषय तिने काढला नाही.

मग नजर एक ओळ खाली गेली. रायटिंग: साडेसहा.

लेखनात पहिलं असतं पत्र, किमान दीडशे शब्दांचं. मग निबंध, किमान अडीचशे शब्दांचा, आणि त्याला पत्राच्या दुप्पट वजन. दोन्ही मिळून एक तास. बँडवाल्याला पत्र आलं ते भाड्याच्या घरातल्या गळतीबद्दल. काय बिघडलं, त्रास काय होतो, काय करायला हवं, एवढे तीनच मुद्दे द्यायचे होते. आठ महिने दाबून ठेवलेलं सगळं तिथे बाहेर आलं. गळती कधी सुरू झाली, प्लंबरने काय सबब सांगितली, सिलिकॉन ओएसिसमध्ये भाडी कशी वाढली आणि मेट्रो आल्यावर आणखी कशी वाढणार. साडेतीनशे शब्द झाले तेव्हा निबंधाला तेरा मिनिटं उरली होती.

"विहिरीबद्दल नाही ना लिहिलंस?" अण्णांनी विचारलं.

बँडवाल्याने लॅपटॉप मिटला आणि टायमर शोधायला स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर राजमा भिजत घातलेला होता. बायकोने न बोलता टायमर फ्रिजच्या वरून काढून आपल्या गाऊनच्या खिशात टाकला.