टिवटिवीचा किलोभाव

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत पाखराचा आवाज ऐकू यायचा तर आधी लाइट जायला हवी. लाइट असली की फेटलिंगवाल्यांचे ग्राइंडर चालू, शॉट ब्लास्टिंग चालू आणि सांगली फाट्यावर ट्रकांचे हॉर्न तर लाइट नसतानाही चालूच. अशा जागी चिमणीने कितीही घसा ताणला तरी दखल घ्यायला सवड कोणाला? तरीही गेली कित्येक वर्षे टपरीवरच्या चहाने ओल्या झालेल्या पेपरातून एक पाखरू रोज बोलत आले आहे. अमक्या नेत्याची टिवटिव, तमक्या अभिनेत्रीची टिवटिव आणि दुपारपर्यंत 'ट्विट डिलीट केल्याने चर्चेला उधाण'.

गंमत म्हणजे हे पाखरू मूळचे ट्विटर कंपनीचे नव्हेच. जॅक डॉर्सीने 21 मार्च 2006 ला ट्विटरवर पहिला संदेश टाकला, तेव्हा त्या संदेशाला 'ट्विट' हे नाव नव्हते. ते चिकटले पुढच्या वर्षी. आयकॉनफॅक्टरी या बाहेरच्या छोट्या कंपनीने ट्विटर वापरायला सोपे जावे म्हणून 'ट्विटरिफिक' नावाचे सॉफ्टवेअर काढले, त्यावर पक्षी बसवला आणि संदेशाला ट्विट म्हटले. शिरोलीच्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. पॅटर्न एकाने करायचा, कास्टिंग दुसऱ्याने ओतायचे, मशिनिंग तिसऱ्याकडे आणि गाडीच्या बॉनेटवर नाव चौथ्याचे. इथे निदान जॉबवर्कचे बिल तरी निघते. पैसे कधी येतात, तो विषय हार्ड आहे.

कंपनीने स्वतः लावलेले पहिले पाखरूही बाजारातून उचललेले. सायमन ऑक्सली या चित्रकाराने ते चित्र विक्रीच्या साइटवर ठेवले होते, तिथून ते किरकोळ भावात आले. पुढे पाखराला लॅरी हे नाव पडले, ते बास्केटबॉलपटू लॅरी बर्डवरून.

2013 मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने ट्विटचा हा नवा अर्थ दाखल करून घेतला. शब्द निदान दहा वर्षे चलनात हवा हा आपलाच नियम त्यासाठी मोडावा लागला. मराठीला काहीच मोडावे लागले नाही. 'लई टिवटिव करू नगंस' ही ताकीद कोल्हापूरच्या पोरांनी मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून ऐकलेली. लहान तोंडी मोठा घास, न विचारता दिलेले मत आणि वर उलट उत्तर, असा सगळा ऐवज त्या शब्दात आधीच भरून ठेवलेला होता. फक्त खाते उघडायचे बाकी होते. अमेरिकेत संदेशाची लांबी 140 अक्षरे ठरली, कारण एसएमएसच्या 160 पैकी वीस नावासाठी राखली होती. 2017 मध्ये ती 280 झाली. इकडे टिवटिव मोजायचे माप एकच, ते म्हणजे आईचे 'पुरे'.

राजकारणाला तर मराठीने अख्खे प्राणिसंग्रहालय मोकळे करून दिले आहे. एकाने डरकाळी फोडायची, दुसऱ्याने तिला कोल्हेकुई म्हणायचे, तिसऱ्याने नुसते गुरगुरायचे. डिसेंबर 2021 मध्ये आदित्य ठाकरे विधानभवनात शिरत असताना पायऱ्यांवर बसलेल्या नितेश राणे यांनी 'म्याव म्याव' असा आवाज काढला आणि त्याची चित्रफीत राज्यभर फिरली. उत्तर म्हणून नवाब मलिक यांनी मांजर आणि कोंबडी यांचे जोडचित्र ट्विटरवर टाकले. मांजराच्या आवाजाला कोंबडीचे उत्तर आणि तेही पाखराच्या मार्फत! लोकांनी आपल्याला कुत्र्या-मांजरांचे प्रतिनिधी म्हणून निवडून दिलेले नाही, हे शेवटी अजित पवारांना सभागृहात सांगावे लागले. कुत्र्या-मांजरांची बाजू कोणी मांडली नाही.

मग आला मालकबदल. ऑक्टोबर 2022 मध्ये इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलर मोजून कंपनी घेतली आणि हातात चक्क बेसिन घेऊन ऑफिसात पाऊल टाकले. जुलै 2023 मध्ये पाखराला नारळ मिळाला, त्याच्या जागी 'एक्स'ची फुली आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्यालयावरची पाटी उतरवायला क्रेन लावली, पण पोलिसांनी काम मध्येच थांबवले. तोवर नावातली पुढची अक्षरे निघाली होती. भिंतीवर उरले पाखरू आणि शेवटचे 'अर'. कोल्हापूरकर तिथे उभा असता तर त्यानेही तेवढेच म्हटले असते, एखादा र जास्त लावून.

मुख्यालयावरच्या एका पाखराचा पुढे मार्च 2025 मध्ये लिलाव झाला. उंची बारा फूट, वजन 560 पौंड, म्हणजे सुमारे 254 किलो. किंमत आली 34 हजार डॉलरच्या वर. हिशेब मांडला तर किलोला अकरा हजार रुपयांहून जास्त पडतात. शिरोलीत भंगार रोज उतरते, काट्यावर चढते आणि भट्टीत जाते. त्याला याच्या शंभराव्या भागाइतका दर मिळाला तरी फौंड्रीला भंगार घालणारा गावजेवण घालेल.

पाखरू गेले, शब्द मात्र जाईना. कंपनीने 'ट्विट' रद्द करून 'पोस्ट' म्हणा असे ठरवले, तर मराठी वृत्तपत्रांनी 'एक्सवर ट्विट केले' हा तोडगा काढला. शिरोलीला हे अंगवळणी पडलेले आहे. दारातला हायवे 2010 च्या फेररचनेत कागदोपत्री 48 नंबरचा झाला, पण पत्ता सांगताना अजूनही 'एनएच फोर'च येते.

मधल्या काळात त्याच हायवेवर पुढे, बंगळूरला, एक देशी पाखरूही जन्मले: 'कू'. सुरुवात 2020 ची. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारचे ट्विटरशी वाजले आणि मंत्र्यांनी धडाधड 'कू'वर खाती उघडली. पण कोकिळेचाच वंश तो! आवाज स्वतःच्या झाडावर आणि अंडी परक्या घरट्यात. मंत्र्यांची ट्विटरवरची वर्दळ काही थांबली नाही. जुलै 2024 मध्ये 'कू' बंद पडले. ट्विटरसारख्याच मॅस्टोडॉनवाल्यांनी हत्तीच्या चीत्कारावरून 'टूट' काढून पाहिले होते. इंग्रजीत त्या शब्दाचा पोटाच्या तक्रारीशीही संबंध असल्याने तेही 2022 मध्ये बटणावरून उतरले.

शिरोली ज्या एका संदेशाकडे खरोखर डोळे लावून बसते, त्याला प्राणी-पक्षी काहीच चिकटलेले नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणी पातळी येते, फुटांत आणि इंचांत. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ हायवेवर आले, कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. तेव्हापासून गाडी आज भरायची की उद्या, हे डिस्पॅचवाला त्या आकड्यावर ठरवतो. आकडा येतो व्हॉट्सअ‍ॅपवर, तीन ग्रुपांतून, कधी दोन वेगवेगळ्या इंचांसह. त्याच्याखाली लगेच कोणीतरी शुभ सकाळ घालतो, दुसरा भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा बॅनर टाकतो, बाकीचे हात जोडतात आणि डिस्पॅचवाला बोटाने स्क्रीन वर सरकवत पुन्हा आकडा शोधत बसतो.