तांडेल मोठा की सारंग?

"अहो वहिनी, ऐकलंत का? मास्तरांच्या धाकटीला तांडेलांचं स्थळ आलंय. मुलगा पनवेलला बँकेत आहे. पण आत्याबाई नाक मुरडतायत. म्हणे, तांडेल म्हणजे होडीवरचे गडी!"

"गडी म्हणजे खलाशी हो! तांडेल होडीचा मुख्य. सुकाणू त्याच्या हातात, जाळं कुठे टाकायचं ते त्याने ठरवायचं. वाटाही खलाशापेक्षा मोठा. वारा बिघडला आणि तांडेल 'फिरा मागे' म्हणाला, की नाखवासुद्धा गप्प बसतो. आणि होडी असते नाखव्याची!"

"मग मोठा नाखवाच की!"

"मालक म्हणून मोठा. शब्द फारसी, नाखुदा. नाव म्हणजे होडी, खुदा म्हणजे धनी. म्हणून तर कोळ्यांत नाखवा आडनावाचे सापडतात आणि कोकणी मुसलमानांत नाखुदा."

"आणि ते नवे भाडेकरू, सारंग? मला वाटलं घरात गाणंबिणं असेल."

"रागाचा सारंग संस्कृतातला. दर्यावरचा फारसीतून आलाय, सरहंग, म्हणजे फौजेचा नायक. महाराजांच्या आरमारात दर्यासारंग होता ना, तोच हा. पुढे इंग्रजांच्या बोटींवर आपल्या खलाशांवर सारंग नेमायचे आणि तांडेल त्याच्या हाताखाली. घरच्या होडीवरचा राजा तिथे दुय्यम झाला बघा."

"अगंबाई! म्हणजे तांडेलही फारसीच?"

"छे, तो आपल्या किनाऱ्याकिनाऱ्याने फिरलेला. मल्याळीत तंडल, तेलुगूत तंडेल, आणि वलसाड-दमणकडे तर आडनावच. २०२५ मध्ये नागा चैतन्यचा 'तंडेल' सिनेमा नाही का आला? श्रीकाकुळमकडचे मच्छीमार पोटासाठी गुजरातेतल्या होड्यांवर जातात, ते पाकिस्तानच्या ताब्यात सापडले, त्याची गोष्ट. माझ्या नातवाने मोबाइलवर लावला होता, भाजी करपली माझी."

"तरी आत्याबाईंचं एक खरं. मुलाला म्हणे मांडव्याच्या लाँचमध्ये बसलं तरी मळमळतं. तांडेल आणि लाँच लागते!"

"लागू दे. आडनाव पणजोबांचं, नोकरी त्याची. बँकेत कुठे सुकाणू धरायचंय? घरदार बरं आहे, मुलगा निर्व्यसनी आहे. आत्याबाईंना म्हणावं, नाक सरळ करा आणि होकार कळवून टाका."