पाय बोटीच्या आत

बोलिव्हियातलं रुरेनाबाके हे गाव पर्यटकांना माहीत झालं ते एक माणूस हरवल्यामुळे. १९८१ साली योसी गिन्सबर्ग हा इस्रायली तरुण जवळच्या तुइची नदीत तराफ्यावरून वाहून गेला आणि तीन आठवडे जंगलात एकटा भटकून जिवंत परत आला. चौघांच्या त्या टोळीतले दोघे पुढे कधीच सापडले नाहीत. योसीने त्यावर पुस्तक लिहिलं, २०१७ मध्ये सिनेमाही निघाला. एखाद्या ठिकाणी माणसं नाहीशी होतात हे छापून आल्यावर शहाण्याने तिकडे फिरकू नये. पण इस्रायली पोरं लष्करी सेवा संपली रे संपली की पुस्तक काखेत मारून थेट इकडेच यायला लागली. गावात हिब्रू पाट्या लागल्या, हुमुस मिळू लागलं, आणि त्यांच्या मागोमाग उरलेलं जग आलं. त्या उरलेल्या जगात मी आणि माझा भाचा.

बॅकपॅकर तो. मी त्याचं जास्तीचं सामान. हिंजवडीतली नोकरी सोडून तो दक्षिण अमेरिकाभर भटकत होता, आणि ताईने मला फोनवर फर्मावलं होतं, "तू रिटायर झालायस, जाऊन बघून ये जरा, पोरगं नीट जेवतंय का." सोबत तिने एक स्वेटरही दिला. भाच्याने ला पासमध्ये तो बघितला आणि म्हणाला, "मामा, आपण पाणथळ जंगलात चाललोय. बर्फात नाही. एक एक ग्रॅम मोजावा लागतो." त्याच्या स्वतःच्या पिशवीत गिटारसदृश एक वाद्य होतं, तेव्हा ग्रॅमचा विषय मी वाढवला नाही.

ला पासला लागून असलेला एल आल्तोचा विमानतळ ४,०६१ मीटरवर आहे. तिथे बुटाची नाडी बांधली तरी माणूस पाच मिनिटं बसून राहतो. रुरेनाबाके मात्र जेमतेम दोनशे मीटरवर. मध्ये अँडीज आडवा. एका चिमुकल्या विमानाने बर्फाची शिखरं खिडकीपासून फार लांब नाहीत असं दाखवत चाळीसेक मिनिटांत आम्हाला खाली हिरव्यात सोडलं. दार उघडलं. कितीतरी दिवसांनी मी छातीभरून श्वास घेतला आणि त्याच्याबरोबर दोन चिलटं आत गेली.

इथे सगळ्या एजन्स्या एकच सहल विकतात: पांपास, तीन दिवस, दोन रात्री. किंमत उन्नीस-बीस. फरक असतो तो प्राण्यांच्या हमीत. भिंतीवर यादी लावलेली. मगरी: नक्की. कॅपिबारा: नक्की. माकडं: नक्की. गुलाबी डॉल्फिन: बहुतेक नक्की. अ‍ॅनाकोंडा: पन्नास टक्के. पलीकडच्या दुकानात अ‍ॅनाकोंडा साठ टक्के होता आणि कोपऱ्यावर सत्तर. भाचा किमतीत घासाघीस करत होता तेवढ्यात मी बाईंना विचारलं, त्याच पैशात ऐंशी टक्के जमेल का. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, पाऊस नाही पडला तर जमेल.

दुसऱ्या दिवशी जीपने शंभरेक किलोमीटरवरचं सांता रोसा गाव गाठलं. तिथून याकुमा नदी. हा सगळा भाग ल्यानोस दे मोहोस या विराट सपाटीचा. पावसाळ्यात ती मैलोगणती पाण्याखाली जाते, कोरड्या ऋतूत पाणी ओसरून नद्या आणि डबकी उरतात आणि यच्चयावत प्राणी त्यांच्या काठाला येऊन बसतात. २०१३ मध्ये इथल्या तीन नद्यांच्या खोऱ्यांतला ६९ लाख हेक्टरांचा प्रदेश पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. महाराष्ट्राचा एक पंचमांश चिखल समजा, आणि थोडा वरती.

बोट म्हणजे एक लांबोडकी अरुंद लाकडी होडी, मागे मोटर, मध्ये एकामागे एक खुर्च्या. नुकतेच लष्करातून सुटलेले दोन इस्रायली, एकमेकांशी भांडण झालेलं एक फ्रेंच जोडपं, ज्यांना नेमक्या मागेपुढेच्या खुर्च्या मिळाल्या होत्या, पक्षी बघायला आलेल्या एक डच आजीबाई, आणि आम्ही. गाईडने एकच सुरक्षासूचना दिली: हातपाय बोटीच्या आत. ती का दिली हे पहिल्याच वळणावर कळलं. काठावर मगरी होत्या. म्हणजे एखादी दिसली, फोटो काढला असं नव्हे. दर दहा-पंधरा पावलांवर एक, जबडा उघडा टाकून, उन्हात. यांना खरं तर केमन म्हणायचं. त्यातला काळा केमन चार मीटरच्या वर जातो. गेल्या शतकात कातड्यासाठी यांची बेसुमार कत्तल झाली होती. त्या मानाने त्यांनी आमच्याकडे फारच सौम्य नजरेने पाहिलं. पहिल्या तासाला बोटीत "अरे बापरे" पाच भाषांमध्ये ऐकू येत होतं. दुसऱ्या तासाला इस्रायली पोरं बिस्किटं खात होती.

मग कॅपिबारा. जगातला सर्वांत मोठा कृंतक प्राणी, वजन पन्नास-साठ किलो. लहानपणापासून मला एक प्रश्न छळत होता की एवढा गणपती एवढ्याशा उंदरावर बसतो तरी कसा. काठावर बसलेलं ते कुटुंब पाहिलं आणि शंका फिटली: देवाने वाहन इथून मागवलं होतं, आपल्याकडच्या मूर्तिकारांना फक्त नमुन्याचा फोटो मिळाला. कॅपिबाराच्या चेहऱ्यावर कायम एक निवृत्त समाधान असतं. शेजारी केमन पहुडलेला, पाठीवर पक्षी बसलेला, तरी हा गवत चघळतोय. व्हेनेझुएलात ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत याचं मांस खातात, कारण पाण्यात राहतो म्हणून चर्चने त्याला मासळीत धरलं, असं सांगतात. हे ऐकून इस्रायली मुलं हसली. मी नाही हसलो. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंदही मूळचा याच खंडातला, आणि त्या दिवशी जेवणात उकडलेला समोर होता. उपासाच्या सोयींबाबत या लोकांचा अधिकार मोठा आहे.

लॉज खांबांवर उभा होता. त्याच्या पायऱ्यांशी एक चांगला थोराड केमन राहायला होता, स्वयंपाकघराच्या बरोबर खाली. स्वयंपाक करणाऱ्या बाई त्याला हाक मारत आणि तो येत असे. त्याला एका माजी राष्ट्राध्यक्षाचं नाव दिलेलं होतं. कुठल्या ते लिहीत नाही, मला व्हिसा पुन्हा लागू शकतो. जंगली प्राण्याला असं खरकट्याची सवय लावणं चूकच, हे मी भाच्याला ऐकवलं. त्याने मला रात्री संडासला कोणत्या फळीवरून जायचं ते दाखवलं. फळी केमनच्या डोक्यावरून जात होती.

डच आजींना यातल्या कशातच रस नव्हता. त्यांना सेरेरे पाहिजे होता. हा पक्षी, इंग्रजीतला होॲटझिन, सगळीकडे होता: डोक्यावर विस्कटलेला तुरा, निळा चेहरा, उडायला गेला की फांदीवर आपटतो. पानं खातो आणि ती गाईबैलांप्रमाणे पोटात आंबवून पचवतो, म्हणून अंगाला शेणाचा वास. त्याच्या पिलांच्या पंखांना नख्या असतात. संकट आलं की ती घरट्यातून खाली पाण्यात उडी मारतात आणि नंतर नख्यांनी झाडावर चढून परत येतात. आजी सद्गदित झाल्या. गाईड म्हणाला, याला कोणी मारत नाही, कारण कोणी खाऊ शकत नाही. जंगलात तग धरण्याचा इतका स्वस्त उपाय मी दुसरा ऐकला नाही.

खरा शिकारी प्राणी संध्याकाळी आला. त्याचं नाव यादीत नव्हतं, आणि त्याला मात्र शंभर टक्के हमी लागू होती. डास जीन्समधून चावत होते. मोज्यातून चावत होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या फटींतून चावत होते, आणि ज्या जागी चावत होते ती जागा चारचौघांत खाजवता येत नव्हती. फ्रेंच माणसाने बायकोच्या पाठीवरचा एक मारला. दिवसभरातला तो त्यांचा पहिला संवाद.

पहाटे आकाश फाटेल असा आवाज आला. मी उठून मच्छरदाणीसकट भाच्याच्या खाटेवर पोचलो. "मामा, माकडं आहेत ती," तो डोळे न उघडता म्हणाला. आरडाओरड करणारी ही तांबडी माकडं कित्येक किलोमीटरवर ऐकू जातात. आपली हद्द सांगतात म्हणे. आमच्या सोसायटीतल्या पार्किंगच्या सभेपेक्षा मुद्दा स्पष्ट होता.

मग अ‍ॅनाकोंडा. गमबूट वाटले, मला दोन्ही डाव्या पायाचे आले. पोटरीभर चिखलात, डोक्यापर्यंत गवतात, वर आग ओकणारा सूर्य, आणि आम्ही रांगेने एक असा प्राणी शोधत होतो ज्याच्यापासून खरं तर लांब राहायला हवं. अ‍ॅनाकोंडाच्या लांबीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९०७ मध्ये बोलिव्हिया-ब्राझीलची सीमा आखणाऱ्या कर्नल पर्सी फॉसेटने अबुना नदीवर ६२ फुटांचा साप मारल्याचं लिहून ठेवलं. लंडनमध्ये लोकांनी त्याला खोटारडा ठरवलं. न्यूयॉर्कच्या प्राणिसंस्थेने तीस फुटांहून लांब जिवंत साप आणून दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं, ते वाढत वाढत ५०,००० डॉलरवर गेलं आणि कोणीही नेलं नाही. म्हणजे साप मोजपट्टी बघून आखडतो, एवढाच निष्कर्ष निघतो.

दोन-तीन तास तुडवल्यावर गाईडला गवतात काहीतरी सापडलं. कात. सुकलेली, फाटलेली, साधारण सहा फुटांची. भाच्याने तिचे चाळीस फोटो काढले. साप सापडला नाही याचा मला मनापासून आनंद झाला, आणि तो केवळ भित्रेपणाचा नव्हता. पूर्वी हे गाईड साप पकडून एकेकाच्या गळ्यात टाकत. डासांचं औषध चोपडलेले दहा-बारा जणांचे हात त्याच्या कातडीवरून फिरत. आता निदान काही गाईड हात लावू देत नाहीत. ताडोबात वाघ दिसला नाही की "काहीच दिसलं नाही" म्हणून तोंड पाडून परतणारे आपण. इथे पायाशी केमन, डोक्यावर माकडं, समोर कॅपिबाराची पलटण, आणि सगळी बोट एका न दिसलेल्या सापाच्या शोकात.

दुपारी पिरान्हा. १९१४ साली थिओडोर रूझवेल्टने प्रवासवर्णनात या माशाला नरभक्षक करून टाकलं आणि तेव्हापासून सिनेमावाल्यांची सोय झाली. प्रत्यक्षात लाकडाच्या तुकड्याला दोरी, गळाला गोमांसाचा तुकडा, आणि पिरान्हा तो इतक्या नाजूकपणे सोडवून नेतो की दोरी हलतसुद्धा नाही. आम्ही नदीला दोनेक किलो मांस खाऊ घातलं. आजींना तीन मासे मिळाले. रात्री तळून समोर आले तेव्हा त्यांत दात आणि काटे मिळून जे होतं त्याला मासा म्हणायचं धाडस मालवणी माणूस करणार नाही.

डॉल्फिनचं मात्र मी काही वाईट बोलणार नाही. बुफेओ म्हणतात त्यांना. खालच्या मादेइरा नदीतल्या धबधब्यांनी अ‍ॅमेझॉनमधल्या भाऊबंदांपासून तोडलेले. २०१२ मध्ये बोलिव्हियाने कायदा करून त्यांना राष्ट्रीय वारसा ठरवलं. चहाच्या रंगाच्या पाण्यातून एक गुलाबी पाठ वर आली, फुस्स करून गेली. गाईड म्हणाला, उतरा पाण्यात, डॉल्फिन असतात तिथे केमन येत नाहीत. हे केमनना कोणी सांगितलंय का, हे विचारेपर्यंत भाचा पाण्यात होता. "मामा, माझ्या अंगठ्याला काहीतरी चावलं!" तो ओरडला. डॉल्फिन, गाईड म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, बहुतेक.

त्या रात्री सुरासो आला. दक्षिणेकडून, अर्जेंटिनाच्या बाजूने येणारा हा गार वारा तासाभरात उष्ण कटिबंधाची सालटी काढतो. डास गेले, केमन बुडी मारून गायब झाले, इस्रायली जवानांनी टेबलक्लॉथ पांघरले. फ्रेंच जोडप्याचा समेट झाला, कारण ब्लँकेट एकच होतं. ताईचा स्वेटर भाच्याने घातला. ग्रॅमबद्दल कोणी काही बोललं नाही.

सांता रोसाच्या काठावर आम्हाला न्यायला जी जीप आली तिच्यातून नवी तुकडी उतरली. गोरी, स्वच्छ, न चावलेली. त्यातल्या एका मुलीने विचारलं, अ‍ॅनाकोंडा दिसला का?

"जवळजवळ," भाचा म्हणाला.

"केवढा?"

"कात सहा फुटांची होती."

"म्हणजे साप सहा फुटांचा?"

"तेव्हा," गाईड मध्येच म्हणाला. "त्याला आता बरेच दिवस झाले. वाढला असेल." आणि तो गमबूट वाटायला लागला.